दिगूचा भोंगा

आमच्या लॅबमध्ये भूत आहे. घाबरू नका, सुशिक्षित आहे. ते कुणाची मानगूट धरत नाही, केस मोकळे सोडून फिरत नाही, लिंबू-मिरच्यांची त्याला फिकीर नाही. सप्टेंबर अर्ध्यावर आला, पाऊस ओसरला, रेल्वेलाइनच्या कडेने कासगवताचे पांढरे तुरे उभे राहिले, की ते कोपऱ्यातल्या मशीनपाशी येऊन बसतं आणि एक लांब, बारीक आवाज काढतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे दर वर्षी सांगते. नुकतीच बारावी झालेली पोरं असतात. अर्धी हसतात, अर्धी कोपऱ्याकडे बघतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खुर्चीवर कोणी बसत नाही. मला वर्गात थोडं नाटक लागतं. त्याशिवाय प्रोग्रॅमिंग घशाखाली उतरत नाही, त्यांच्याही आणि माझ्याही.

शिकवते मी अगदी प्राथमिक. व्हेरिएबल म्हणजे काय, अट कशी घालायची, एकच काम मशीनकडून पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं. आमचं कॉलेज भिलाईत, कुरुदच्या बाजूला आहे. जिथे धानाच्या बांध्या होत्या तिथे आता आमची चार मजली इमारत उभी आहे आणि पावसाळ्यात तळमजल्यावर बेडूक येऊन पूर्वीचा हक्क सांगतात. जग कुठल्या कुठे गेलं, पण आमच्या लॅबमध्ये प्रोग्रॅम लिहायला अजून तोच निळ्या पडद्याचा टर्बो सी आहे. मी शिकले तेव्हाही तो जुना होता. मी तक्रार करत नाही. भुताला राहायला जुनी जागाच लागते.

आणि सप्टेंबरात येते विश्वकर्मा पूजा. भिलाईत ज्यानं हा दिवस पाहिला नाही त्याला हे गाव कळलं नाही. क्रेनला झेंडूची माळ, लेथला कुंकू, ट्रकच्या बोनेटवर नारळ, शिंप्याच्या मशीनला हळदीची बोटं. खाजगी कारखान्यांची फाटकं त्या दिवशी घरच्यांसाठी उघडतात. बायका-पोरं नवे कपडे घालून आत जातात, आणि वर्षभर तेलकट डबा घेऊन घरी परतणारा माणूस त्यांना आपली मशीन दाखवतो, नव्या सुनेची ओळख करून द्यावी तशी. मशीन मात्र त्या दिवशी चालवायची नाही. वर्षभर राबते, हा एक दिवस तिचा. तिला हात लावायचा तो नमस्कारापुरता.

आमच्या लॅबमध्येही सगळे संगणक बंद ठेवून त्यांना माळा घालतात. यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅम, इससे क्या होता है? सर्वर तो चालू ही रहता है."

"सर्वर नास्तिक है," मी म्हटलं. "तुम फूल चढाओ."

ती हसली. फूल वाहिलं. उदबत्तीचा धूर एसीच्या झोतात वाकला, आणि तो वास नाकात जाताच मी एकदम अठरा वर्षांची झाले.

तेव्हा राज्य नवं होतं आणि आम्हीही. दुकानांच्या पाट्यांवर 'म.प्र.' खोडून 'छ.ग.' लिहिण्याचं काम सुरू होतं. आमच्या कॉलेजात संगणकाची लॅब म्हणजे गाभारा. बाहेर चपला-बूट काढायचे. ओल्या मोज्यांच्या वासानं बाहेरचा व्हरांडा भरून जायचा. आत अख्ख्या कॉलेजातला एकमेव एसी, तोही मशीनींसाठी. बाहेर अंगाला चिकटणारा दमट उकाडा आणि आत आम्ही स्वेटर घालून बसलेलो. दोघांत एक मशीन, जोड्या रोल नंबरानं. कापगते आणि कटरे. कापगते म्हणजे दिगांबर, खुर्सीपारचा, हडकुळा, शर्टाच्या खिशाला पेनाचा निळा डाग. कटरे मी, दुर्गच्या रेल्वे कॉलनीतली, दोन वेण्यांची, आगाऊ. पहिले काही तास आम्ही एकमेकांशी शुद्ध, घाबरट हिंदी बोललो. मुलगा शेजारी बसलाय म्हणून मी खुर्ची इतकी लांब ओढलेली की कीबोर्डपर्यंत हात पोचत नव्हता.

मग पहिला प्रोग्रॅम लिहिला. दिगूनं टाइप केला, चालवला, आणि पडद्यावर लाल पट्टी आली. त्यानं कपाळावर हात मारला आणि तोंडातून निघून गेलं, "आता इले का झालं बापा!"

मी इतक्या जोरात हसले की शिकवणारे राव सर उठून आले. घरात जी भाषा भाकरीसोबत खाल्ली ती इथे, या थंड गाभाऱ्यात, कुणाच्या तोंडून येईल असं वाटलंच नव्हतं. "मराठी हायेस का रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "घरी हावो. इथी कापगते हावो." त्या दिवसापासून खुर्ची जवळ आली.

चूक काय होती ते ऐका, कारण अशी चूक फक्त आमच्याकडचाच माणूस करेल. दिगूनं प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीवर 'श्री' लिहिला होता, रोमन अक्षरांत. वहीच्या पहिल्या पानावर लिहितात, लग्नपत्रिकेवर लिहितात, नव्या घराच्या चौकटीवर लिहितात, मग इथेही. मशीनला वाटलं ही काहीतरी आज्ञा आहे, आणि ती आज्ञा तिला कळेना.

"निकालो इसको," राव सर म्हणाले.

"नहीं निकालूंगा सर," दिगू म्हणाला. मान खाली, पण आवाज खाली नाही.

राव सर आंध्रातले, कपाळावर रोज ताजं गंध. त्यांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग वाकून 'श्री'च्या आधी दोन तिरप्या रेघा ओढल्या. "अब मशीन को नहीं दिखेगा," ते म्हणाले. "जिसको दिखना है, उसको दिखेगा." प्रोग्रॅम चालला. मशीननं सोडून द्यायची टिप्पणी कशी लिहायची हा धडा आम्ही तिथेच शिकलो. माझी मुलं आजही शिकतात, 'श्री'सकट.

दिगूचे बाबा रसमड्याच्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते. लाल सळ्या चिमट्यानं धरून फिरवणारा माणूस. पोरगा कॉलेजात 'मशीन चालवतो' यावर त्यांचा विश्वास नव्हता. दिगू त्यांची नक्कल इतकी झकास करायचा की कॅन्टीनवाला भजी तळायचा थांबायचा. एक हात कमरेवर, एक डोळा बारीक: "तू मशीन चालवतं म्हनतं. मंग तिचा आवाज कसा काय नाई येत बे? ज्या मशीनीचा आवाज नाई, तिच्यावर मानूस काम नाई करत. झोपते."

आम्ही खूप हसायचो. त्या हसण्यामागे काय आहे ते त्यानं एकदा भजी संपल्यावर सांगितलं. मिलमध्ये एक जागा निघाली होती. मुकादम म्हणाला होता, पोरगा पाठव, दसऱ्यापर्यंत जागा ठेवतो. बाबा वाईट नव्हते. त्यांना फक्त पोराचं काम डोळ्यांना दिसत नव्हतं. त्यांनी दिगूला सांगितलं होतं, "दसऱ्यापर्यंत दाखव मले, का करते तुई मशीन. पटलं त शिक. नाई पटलं त चाल मायासंगं."

"मंग का दाखवशील?" मी विचारलं.

"भोंगा," तो म्हणाला.

भिलाईत राहणाऱ्याला भोंगा समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या कारखान्याची पाळी बदलली की तो वाजतो, आणि सगळं गाव त्यावर घड्याळ लावतं, जे तिथे काम करत नाहीत तेसुद्धा. भोंग्यावर कुकर उतरतो, भोंग्यावर बाळाला दूध मिळतं, भोंग्यावर भांडण थांबतं कारण नवऱ्याला डबा भरून द्यायचा असतो. सूर खालून उचलतो, वर नेऊन धरतो, मग असा हळूहळू सोडतो की तो नक्की केव्हा संपला ते कोणालाच सांगता येत नाही. दिगू तो तोंडानं हुबेहूब काढायचा. ओठांचा चंबू करून, डोळे मिटून. हे त्याला बाबांनीच शिकवलेलं. लहानपणी उठत नसला की बाबा त्याच्या कानाशी भोंगा वाजवायचे.

टर्बो सीमध्ये दोन आज्ञा आहेत. साउंड म्हटलं की मशीनच्या पोटातला छोटा स्पीकर वाजू लागतो. नोसाउंड म्हटलं की थांबतो. मधे आकडा बदलत गेलं की सूर चढतो, उतरतो. बस्स, एवढ्या दोन आज्ञांवर दिगूला सबंध भिलाईचा भोंगा बांधायचा होता. पहिला प्रयत्न बकरीसारखा आला. दुसरा, कोणी पाय दिलेल्या मांजरासारखा. मी आकडे बदलायची, तो डोळे मिटून ऐकायचा. "वर जाऊन थांब वो. घाई नको करू. भोंग्याले घाई नसते."

एकदा आम्ही नोसाउंड लिहायलाच विसरलो. प्रोग्रॅम संपला, निळा पडदा परत आला, पण आवाज चालूच. मी बटणं बडवली. दिगूनं टर्बो सीच बंद केला. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ, आणि तरी तो सूर सुरूच, सरळ, लांब, सुईसारखा. वर्ग कानांत बोटं घालून आम्हाला शिव्या देत होता. कोणी म्हणालं, मशीन में भूत है. राव सर शांतपणे आले, बटण दाबून मशीनच बंद केली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "प्रोग्रॅम खतम हो गया था. आवाज़ को किसी ने बताया नहीं."

सगळे हसले. मी तर सर्वांत जास्त. मला वाटलं, काय झक्कास डायलॉग मारला सरांनी.

पूजेच्या आदल्या दिवशी भोंगा जमला. दुपारी खिडकीबाहेर खरा वाजला, आणि तो विरतो न विरतो तोच आमचा उठला. शेजारच्या वर्गातल्या प्राध्यापकांनी खडू ठेवला आणि वर्ग सोडला. दिगू माझ्याकडे बघून असा हसला की त्याचे सगळे वाकडे दात मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

आणि दुसऱ्या दिवशी त्यानं बाबांना आणलं. दर वर्षी ते पोराला आपली मशीन दाखवायचे. या वर्षी सकाळी तिकडची पूजा उरकून दुपारी पोराची बघायला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केसांना पाणी लावून चापून भांग, हातात बुंदीचा पुडा. व्हरांड्यात त्यांनी बूट काढले आणि दोन्ही बूट भिंतीला लावून सरळ ठेवले. आत आले. थंडीनं त्यांच्या हातावर काटा आला. झेंडूच्या माळा घातलेल्या, मुक्या मशीनींच्या रांगेसमोर ते बराच वेळ नुसते उभे राहिले. मग आमच्या कोपऱ्यातल्या मशीनला त्यांनी वाकून नमस्कार केला, फूल वाहिलं, आणि तिच्या भोवती फिरून विचारलं,

"इले तेल कुठी टाकता?"

"हिले तेल नाई लागत काका," मी म्हटलं.

"मंग चालते कशी?"

"सांगितलं तसं करते."

"बरी हाय मंग," ते म्हणाले. "आमच्या पोट्ट्यापेक्षा बरी हाय." आणि स्वतःच आधी हसले.

दिगूनं स्विचवर बोट ठेवलं. "बाबा, आयका आता."

बाबांनी त्याचा हात धरला. लाल सळ्या धरून धरून जाड झालेली ती बोटं त्याच्या मनगटाभोवती पूर्ण गोल फिरली. "आज नाई," ते म्हणाले. "आज मशीनीचा आराम हाय. उद्या आयकवजो."

"एक मिनिटाचं काम हाय बाबा."

"वर्सातून एक दिवस देतो आपन तिले. त्यातलं एक मिनिट कावून काढतं?" आणि मग, मला आजही स्पष्ट ऐकू येतं, "मी कुठी चाललो? येतो ना."

दोनतीनदा यायचं ठरलं. एकदा पाळी बदलली, एकदा लॅबला कुलूप होतं. मग एका दुपारी कामावर निघताना ते खाटेवर बूट घालायला बसले आणि उठलेच नाहीत. एक बूट पायात होता, एक हातात. मी राव सरांसोबत खुर्सीपारला गेले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती, गल्लीत उभी होती. बाया रडत होत्या. आणि नेमका त्या वेळी मोठ्या कारखान्याचा भोंगा झाला. इतक्या माणसांमध्ये कितीतरी हात सवयीनं मनगटाकडे गेले. दिगूनं मान वर करून आवाज पूर्ण संपेपर्यंत ऐकला, जशी आम्ही लॅबमध्ये परीक्षा घ्यायचो, सूर बरोबर चढतो की नाही.

तेरवी झाल्यावर तो लॅबमध्ये आला तेव्हा डोक्यावर खुंट उगवले होते. दसरा तोंडावर होता. मी त्याला सगळं बोलले. की परीक्षेपर्यंत थांब, की राव सर फीचं बघतो म्हणालेत, की तुझ्यासारखं वर्गात कोणालाच येत नाही. तो ऐकत होता, कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसत.

"कटरे," तो म्हणाला, "सर म्हणतात ना, मशीनले दोनच गोष्टी समजतात. हो नाईतर नाई. माया बापानं दोनातलं एकई नाई देलं."

"ऐकलं असतं तर हो म्हटलं असतं त्यांनी."

"तुले कसं मालूम?"

मला मालूम नव्हतं. आजही नाही.

त्यानं भोंग्याचा प्रोग्रॅम उघडला. वर दोन रेघा, 'श्री'. खाली शेवटच्या ओळीवर कर्सर नेला आणि नोसाउंड खोडलं. मग चालवला. सूर खालून उठला, वर जाऊन थांबला. प्रोग्रॅम संपला, पडदा निळा झाला, आवाज राहिला. वर्गातल्या कोणी कानांत बोटं घातली नाहीत. राव सर जागेवरून उठले, दोन पावलं आले आणि थांबले. दिगू उठला, खुर्ची आत सरकवली, सरांच्या पाया पडला, व्हरांड्यात जाऊन बूट घातले आणि गेला. तास संपेपर्यंत मशीन वाजत होती. घंटा झाल्यावर सरांनी ती बंद केली, पाठ आमच्याकडे करून.

दसऱ्यानंतर मी त्या मशीनवर एकटी बसले. खुर्ची ओढून लांब ठेवायचं काही कारण नव्हतं, जवळ ठेवायचंही नव्हतं.

तर आमचं भूत ते हे. मेलेल्याचं नाही, ते काका मेले आणि सरळ गेले असावेत, भिंतीला बूट लावून ठेवणारा माणूस मागे पसारा ठेवणार नाही. भूत आहे त्या राहून गेलेल्या उत्तराचं. मी शिकले, पास झाले, लग्न झालं, शिकवू लागले. सप्टेंबर आला की कानात तो सूर सुरू होतो, मधमाशी काचेवर धडकत राहावी तसा. घरचे म्हणतात, कान दाखवून घे. दाखवला. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहे.

दिगू आता त्याच मिलमध्ये फोरमन आहे. मिशा पांढऱ्या, पोट पुढे, आवाज गडगडाटी. सुट्टी त्याला अशी मिळत नाही, पण विश्वकर्माच्या दिवशी मशीनी बंद, म्हणून तो मोकळा. दर वर्षी त्या दुपारी बुंदीचा पुडा घेऊन माझ्या लॅबमध्ये येतो. हल्ली लॅबमध्ये कोणी चपला काढत नाही. तो काढतो, भिंतीला लावून ठेवतो. माझ्या पोरांसमोर गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "इले तेल कुठी टाकता?" पोरं खदखदतात. मी म्हणते, "हिले तेल नाई लागत." मग आम्ही बुंदी खातो आणि बाकीच्या जगाची टिंगल करतो. भोंग्याचं नाव निघत नाही. तो मोकळा असतो तेव्हा मशीन बंद असते, मशीन चालू असते तेव्हा तो मोकळा नसतो. इतक्या वर्षांत त्याच्या कानावर आमचा भोंगा परत पडलेला नाही.

यंदा माझ्या अंगात आलं. पोरं प्रसाद घेऊन पांगली होती. उदबत्ती विझत आली होती. माझ्याकडे तो प्रोग्रॅम आहे, नोसाउंड खोडलेला, तसाच. एका फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून पेनड्राइव्हमध्ये, मीच त्याला दर वेळी नव्या घरात नेलं. मी झेंडूची माळ बाजूला केली आणि स्विचवर बोट ठेवलं. "दिगू, आज आयकच."

त्यानं माझं मनगट धरलं. "आज नाई वो. आज मशीनीचा आराम हाय. उद्या आय..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यानं आपल्या बोटांकडे बघितलं. जाड, भाजलेली, माझ्या मनगटाभोवती पूर्ण गोल फिरलेली. हात सोडला. मग तो हळूच म्हणाला, "बाबाले आयकाचाच होता वो. आयकाचा नसता त उद्या कावून म्हणला असता?"

हे उत्तर आहे का, मला माहीत नाही. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. पण इतकी वर्षं तो ते वाक्य बाहेरून ऐकत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं ते स्वतःच्या तोंडून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा वर्ग होता. मुलांना म्हटलं, आज तुम्हाला भूत दाखवते. दिगूला फोन लावला. पलीकडे मिलचा खडखडाट, त्यात त्याचा ओरडा: "हॅलो! बोल वो! पाळीवर हावो!"

"उद्या झाला रे," मी म्हटलं. "आयक."

फोन स्पीकरपाशी धरला आणि प्रोग्रॅम चालवला. सूर खालून उठला, वर गेला, घाई न करता थांबला. पहिल्या बाकावरची ती सर्वरवाली मुलगी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅम, प्रोग्रॅम तो खतम हो गया."

फोनमधला खडखडाट मागे मागे जात होता. तो चालत होता, मिलच्या बाहेर, मोकळ्यावर. मग एक दार लागल्याचा आवाज आला, आणि नुसता श्वास.

माझं बोट मशीनच्या बटणाकडे गेलं.

"बंद नको करजो," तो म्हणाला. "बाबा आयकून राहिले."